सीट टेपनं ठरते, कोपर कशानं?

पुतण्यानं जुनी ट्रायथलॉन सायकल (पोहणं, सायकल आणि धावणं अशा तिहेरी शर्यतीची) घेतली आणि आठवड्यातच माझ्याकडं आला. "काका, सायकल नाद खुळा हाय, पण बसायलाच येईना." पोरगा साधी रेसर सायकल उत्तम चालवतो, रविवारी पन्हाळा चढून येतो. या सायकलवर मात्र हँडलवरच्या गाद्यांवर कोपरं टेकवली की मान आखडायची आणि मांड्या पोटाला लागायच्या. फिटिंगची महागडी यंत्रं माझ्याकडं नाहीत. शिंप्याची टेप, जाड पुठ्ठ्याचं पुस्तक आणि घराची भिंत एवढ्यावर किती जमतं, ते आम्ही एक सकाळ घालवून पाहिलं.

सुरुवात सीटच्या उंचीपासून केली. त्याला अनवाणी, भिंतीला पाठ लावून उभं केलं आणि पुस्तक जांघेत वर दाबायला सांगितलं, सीटवर बसल्यावर जेवढा दाब येतो तेवढं घट्ट. पुस्तकाची एक कड भिंतीला चिकटलेली हवी, म्हणजे ते तिरकं होत नाही. पुस्तकाच्या वरच्या कडेपासून फरशीपर्यंत तीनदा मोजलं, ८० सेंटिमीटर भरलं. इथं पँटचं माप चालत नाही. शिंपी शिलाई मोजतो, आपल्याला हाडापर्यंतचं अंतर हवं.

या ८० ला ०.८८३ नं गुणलं की ७०.६ सेंटिमीटर येतात. बॉटम ब्रॅकेटच्या, म्हणजे पेडलांचे दांडे ज्या आसाभोवती फिरतात त्याच्या, मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतचं हे अंतर. अमेरिकन सायकलपटू ग्रेग लेमाँड आणि त्याचा फ्रेंच प्रशिक्षक सिरिल गिमार यांच्यामुळं हा गुणक जगभर पोचला. त्याआधी १९६७ मध्ये हॅम्ली आणि थॉमस या संशोधकांनी वेगळ्या वाटेनं माप काढलं होतं: सीटपासून सर्वांत लांब गेलेल्या पेडलपर्यंतचं अंतर जांघेच्या मापाच्या १०९ टक्के. म्हणजे ८७.२ सेंटिमीटर. त्यातून १७ सेंटिमीटरचा क्रँक, म्हणजे पेडलचा दांडा, वजा केला की ७०.२ उरतात. दोन वेगळ्या वाटा आणि फरक फक्त ४ मिलिमीटरचा! पुतण्यापेक्षा मलाच जास्त आनंद झाला.

तरी हा आकडा म्हणजे अंदाजच. बुटाचा तळ किती जाड, पाऊल किती लांब, पेडल मारताना टाच खाली जाते की वर राहते, यातलं काहीच सूत्राला माहीत नसतं. म्हणून शेवटची तपासणी गुडघ्याची. पेडल तळाला असताना गुडघा सरळ रेषेपासून २५ ते ३५ अंश वाकलेला असावा. बाजूनं मोबाइलवर व्हिडिओ काढला, चित्र थांबवलं आणि कंपासपेटीतला कोनमापक पडद्यावर ठेवला. ३१ अंश. सीट जागेवर आली.

पण त्याचा त्रास सीटच्या उंचीचा नव्हताच, आणि खरी गंमत तिथून सुरू होते.

सपाट रस्त्यावर ताशी ३५ किलोमीटरनं जाताना बहुतेक ताकद हवा कापण्यातच जाते, आणि त्या अडथळ्याचा मोठा भाग सायकलीचा नसून आपल्या शरीराचा असतो. पाठ आडवी केली तर वेग वाढतो. साध्या सायकलवर नुसतं पुढं वाकलं, तर धड मांडीवर येतं, कमरेचा कोन आवळतो आणि वर येणारा गुडघा पोटात शिरतो. ट्रायथलॉनच्या सायकलनं यावर सुंदर तोड काढली आहे. समजा, बॉटम ब्रॅकेटमध्ये खिळा ठोकला आणि बसलेला आख्खा माणूस, सीटसकट, त्या खिळ्याभोवती ५ अंश पुढं फिरवला. धड आणि मांडी यांच्यातला कोन होता तेवढाच राहिला, पाठ मात्र ५ अंशांनी खाली गेली. म्हणून साध्या रेसर सायकलवर सीटच्या दांड्याचा जमिनीशी कोन ७३ अंशांच्या आसपास असतो, तर या सायकलींवर ७८ किंवा त्याहून उभा.

आमच्या ७०.६ सेंटिमीटरच्या सीटसाठी गणित मांडलं. ७३ अंशांवर सीट बॉटम ब्रॅकेटच्या २०.६ सेंटिमीटर मागं येते, ७८ अंशांवर १४.७. म्हणजे जवळपास ६ सेंटिमीटर पुढं. पुतण्यानं सीट त्याच्या जुन्या सायकलीसारखी पार मागं ओढून ठेवली होती! ती पुढं आणली.

१९८९ च्या टूर द फ्रान्समध्ये याच लेमाँडनं व्हर्साय ते पॅरिस हा शेवटचा २४.५ किलोमीटरचा टप्पा पुढं कोपरं टेकवायच्या हँडलवर काढला, ५० सेकंदांची पिछाडी भरून काढली आणि ८ सेकंदांनी शर्यत जिंकली. ते हँडल ट्रायथलॉनवाल्यांच्या जगातून आलं होतं.

आता कोपरं. कमरेच्या बाजूला हाताला लागणाऱ्या मांडीच्या हाडापासून खांद्याच्या टोकापर्यंत त्याचं धड ५२ सेंटिमीटर, खांद्यापासून कोपरापर्यंत हात ३२. कमरेचा सांधा सीटच्या साधारण ८ सेंटिमीटर वर असतो आणि कोपर जवळपास खांद्याखाली येतं, असं धरू. पाठ जमिनीशी २० अंशांवर असेल तर कोपराची गादी सीटपेक्षा ६ सेंटिमीटर खाली येते. ३० अंशांवर असेल तर २ सेंटिमीटर वर. म्हणजे १० अंशांनी ८ सेंटिमीटरचा फरक पडतो! धडाचं माप २ सेंटिमीटरनं चुकलं तर मात्र २० अंशांवर गादी जेमतेम ७ मिलिमीटर हलते. याउलट जांघेचं माप १ सेंटिमीटरनं चुकलं तर सीट ९ मिलिमीटरनं चुकते. मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हेच: सीट मापावर चालते, कोपर कोनावर. आणि पाठ किती अंशांवर तासभर टिकेल हे कुठलीच टेप सांगत नाही. सारख्याच मापाच्या दोघांना एकाच गादीवर बसवणारं कोष्टक म्हणूनच फसतं.

त्यासाठी शरीरालाच विचारावं लागतं. पुतण्याला पाठीवर झोपवलं, एक पाय सरळ, दुसरा गुडघा छातीकडं. कंबर जमिनीवरून उचलायला लागते तिथं त्याच्या सांध्याची हद्द. तालमीत रोज बैठका मारणारं पोर, तरी हद्द लवकर आली. मांड्या दणकट आहेत, पण मोकळ्या नाहीत. अशा वेळी आखूड क्रँकही कामाला येतो. क्रँक ५ मिलिमीटरनं कमी केला की वरच्या टोकाला पेडल ५ मिलिमीटर खाली राहतं, सीट ५ मिलिमीटर वर घ्यावी लागते, म्हणजे मांडी आणि पोट यांच्यात १० मिलिमीटरची मोकळीक मिळते. ताकद फारशी घटत नाही.

आम्ही पाठीसाठी २५ अंश धरले, गादी सीटच्या २ सेंटिमीटर खाली. पहाटे तो कागलकडं गेला. घाटात या हँडलचा उपयोग नाही, तिथं वेग कमी आणि हवेचा अडथळाही कमी, म्हणून सपाट रस्ता निवडला. वीस मिनिटं कोपरं उचलायची नाहीत, एवढीच अट होती.

परत आला तेव्हा मान ठीक होती, पोटाला मांडी लागली नव्हती, पण तो सारखा सीटच्या टोकाकडं सरकत होता. शरीर अजून पुढं जायला बघतंय याची ही खूण. सीट १ सेंटिमीटर पुढं घेतली. त्यानं बॉटम ब्रॅकेटपासूनचं अंतर २ मिलिमीटरनं कमी होतं, म्हणून तेवढीच वर केली. जुन्या जागेवर इन्सुलेशन टेपची पांढरी पट्टी लावून ठेवली आहे, परत जावं लागलं तर सापडावी म्हणून.