पाठमोरे आपण: पडद्यावरची प्रतिमा आणि जागेचे भान

सराफाच्या दुकानात समोरच्या सीसीटीव्हीच्या पडद्यावर एक पाठमोरी व्यक्ती दिसते आणि ती आपणच आहोत हे उमगायला क्षणभर वेळ लागतो, हा अनुभव आता बहुतेकांच्या ओळखीचा आहे. ब्रूस नॉमन या अमेरिकी कलावंताने १९७० मध्ये, असे कॅमेरे दुकानोदुकानी येण्याच्या कितीतरी आधी, नेमका हाच क्षण एका मांडणशिल्पात लांबवून ठेवला.

हे शिल्प म्हणजे सुमारे १० मीटर लांब आणि जेमतेम अर्धा मीटर रुंद असा एक बोळ आहे. त्याच्या शेवटी एकावर एक असे दोन मॉनिटर ठेवलेले असतात. एकावर प्रवेशाजवळ उंचावर बसवलेल्या कॅमेऱ्याचे थेट चित्र दिसते, तर दुसऱ्यावर त्याच बोळाचे, पण तो रिकामा असताना करून ठेवलेले चित्रण. प्रेक्षक पडद्याकडे चालू लागतो, तसतसा कॅमेऱ्यापासून दूर जातो. कॅमेऱ्यापासूनचे अंतर दुप्पट झाले की प्रतिमेची उंची निम्मी होते. उलट, पडद्यापासूनचे अंतर निम्मे झाले की तोच पडदा डोळ्याला सुमारे दुप्पट मोठा भासतो. म्हणजे मॉनिटर जवळ येत असतो आणि त्यातले आपण लांब जात असतो, तेही पाठ फिरवून. दुसऱ्या पडद्यावर तर आपण नाहीच.

यात गोंधळ का होतो? आपण कुठे आहोत हे मेंदूला थेट कळत नाही. दृष्टिपटलावरची हलती प्रतिमा, अंतर्कर्णातून येणारी तोल व गतीची सूचना आणि स्नायू-सांध्यांकडून मिळणारी खबर यांचा मेळ घालून तो ते ठरवतो. नॉमनच्या बोळात पाय पुढे जात असल्याचे सांगतात, पडद्यावरची आकृती मात्र मागे पडत जाते. अरुंद भिंतींमुळे बाजूला सरून सुटकाही करून घेता येत नाही, आणि माझ्या मते शिल्पाचा अर्धा परिणाम या भिंतींचाच आहे.

२००७ मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथील संशोधकांनी जवळपास हीच मांडणी प्रयोगशाळेत वापरली. सहभागी व्यक्तीच्या मागे २ मीटरवर कॅमेरा ठेवून त्याचे चित्र तिच्या डोळ्यांवरच्या पडद्यांत दाखवले, त्यामुळे तिला स्वतःची पाठ समोर दिसू लागली. त्याच वेळी तिच्या पाठीवरून काठी फिरवली. नंतर डोळे बंद करून तिला मागे नेले आणि मूळ जागी परत यायला सांगितले, तेव्हा सहभागी व्यक्ती मूळ जागेच्या पुढे, जिथे ती प्रतिमा दिसली होती त्या दिशेला, सरकून थांबल्या. मात्र दिसणारा स्पर्श जाणवणाऱ्या स्पर्शापेक्षा उशिराने दाखवला की हा परिणाम ओसरत असे. प्रतिमेला ‘मी’ म्हणायचे की नाही, हे मेंदू मुख्यतः वेळ जुळते का यावरून ठरवतो, असा त्याचा अर्थ.

डॅन ग्रॅहम या दुसऱ्या अमेरिकी कलावंताने १९७४ मध्ये या वेळेलाच हात घातला होता. त्याच्या खोलीत भिंतींवर आरसे आहेत आणि मॉनिटरवर कॅमेऱ्याचे चित्र ८ सेकंद उशिराने येते. आरशात हात वर करणारे आपण पडद्यावर अजून हात खाली सोडूनच उभे असतो. शिवाय कॅमेरा समोरच्या आरशातले मॉनिटरचे प्रतिबिंबही टिपत असल्याने त्या चित्रात आणखी एक, १६ सेकंदांपूर्वीचे चित्र दिसते, आणि तिथे कदाचित आपण अजून खोलीत आलेलोच नसतो.