सॉकेट जुळले म्हणजे मदरबोर्ड जुळला असे नव्हे

विंडोज १० ची नियमित मोफत सुरक्षा-अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आणि त्या निमित्ताने जुने डेस्कटॉप भंगारात काढण्याच्या सल्ल्यांना उधाण आले. ठाणे आणि नवी मुंबईतल्या शिकवणीच्या वर्गांत, दवाखान्यांत, सोसायट्यांच्या कार्यालयांत दहा-बारा वर्षांपूर्वी घेतलेले संगणक आजही पावत्या छापत आहेत आणि हिशेब ठेवत आहेत. त्यांतला एखादा बंद पडला की दुरुस्तीच्या दुकानात बहुधा दोनच शब्दांत निदान होते: ‘बोर्ड गेला.’ त्यापुढे एक तर संपूर्ण संगणक बदलायला सांगतात, नाही तर प्रोसेसरच्या सॉकेटचा क्रमांक विचारून त्या क्रमांकाचा कुठलाही बोर्ड पुढे करतात. दुसरा सल्ला पहिल्यापेक्षा शहाणपणाचा आहे, कारण मदरबोर्ड गेला तरी प्रोसेसर, रॅम आणि डिस्क बहुतेक वेळा शाबूत असतात. मात्र सॉकेट जुळले की काम झाले, ही त्यामागची समजूत अर्धवट आहे.

इंटेलच्या प्रोसेसरपुरते पाहिले तर २०११ आणि २०१२ चे प्रोसेसर एलजीए ११५५ या सॉकेटमध्ये बसतात, २०१३ पासूनचे हॅसवेल प्रोसेसर एलजीए ११५० मध्ये आणि २०१५ पासूनचे सहाव्या पिढीचे स्कायलेक एलजीए ११५१ मध्ये. हे आकडे सॉकेटमधल्या संपर्कबिंदूंची संख्या सांगतात आणि एवढ्यावरून निवड करता आली असती तर हा लेख लिहिण्याचे कारण उरले नसते. पण २०१७ मध्ये आलेल्या आठव्या पिढीच्या कॉफी लेक प्रोसेसरचेही सॉकेट एलजीए ११५१ च आहे. बिंदू तेवढेच आणि आकारही तोच असूनही तो प्रोसेसर सहाव्या-सातव्या पिढीच्या बोर्डावर चालत नाही. त्या प्रोसेसरांत चारांऐवजी सहा गाभे (कोअर) आले, त्यांना जास्त विद्युतप्रवाह लागणार होता आणि म्हणून गाभ्यांना वीज देणारे बिंदू १२८ वरून १४६ करण्यात आले. पूर्वी राखीव ठेवलेल्या काही बिंदूंना नवे काम मिळाले. हौशी मंडळींनी बायॉस, म्हणजे संगणक सुरू करणारी बोर्डावरची आज्ञावली, बदलून आणि काही बिंदूंवर चिकटपट्टी लावून हे प्रोसेसर जुन्या बोर्डांवर चालवूनही दाखवले, त्यामुळे या निर्णयात अभियांत्रिकी किती आणि व्यापार किती याबद्दल शंका घ्यायला जागा आहे. तरीही बदल नेमका विजेच्या बिंदूंत झाला हे लक्षात घेण्यासारखे आहे, कारण मदरबोर्डाचे सर्वांत कष्टाचे आणि सर्वांत दुर्लक्षित काम प्रोसेसरला वीज पुरवण्याचे आहे.

एसएमपीएस, म्हणजे कॅबिनेटमधला विजेचा डबा, घरातल्या २३० व्होल्टपासून १२ व्होल्ट तयार करून बोर्डाला देतो. प्रोसेसरच्या गाभ्यांना मात्र साधारण १.१ व्होल्ट लागतात. ७७ वॅटचा एखादा आय५-३४७० घेतला आणि ढोबळमानाने सगळी शक्ती १.१ व्होल्टवर जाते असे धरले, तर प्रवाह ७० अँपिअर होतो. हे १.१ व्होल्ट डब्यातच तयार करून तारांनी आणले तर काय होईल? वाटेतला रोध केवळ एक शतांश ओहम मानला तरी ७० अँपिअरला ०.७ व्होल्ट तारेतच गळतील आणि सुमारे ४९ वॅट उष्णता होऊन वाया जातील. तीच शक्ती १२ व्होल्टवर आणली तर प्रवाह साडेसहा अँपिअरच्या आत राहतो आणि तारेतली हानी अर्ध्या वॅटपेक्षाही कमी होते. कळव्याच्या उपकेंद्राकडे वीज ४०० किलोव्होल्टने येते आणि आपल्या इमारतीत शिरताना उतरवली जाते, त्यामागेही हेच गणित आहे. म्हणून २००० सालच्या सुमारास बोर्डावर प्रोसेसरसाठी १२ व्होल्टची वेगळी चार-टाचणी जोडणी आली आणि १२ चे १.१ करण्याचे काम सॉकेटच्या अगदी शेजारी, बोर्डावरच होऊ लागले.

हे काम करणाऱ्या भागाला तंत्रज्ञ व्हीआरएम म्हणतात. त्यात मॉसफेट नावाचे दोन इलेक्ट्रॉनिक स्विच, एक कॉइल आणि विद्युतभार साठवणारे काही कपॅसिटर असतात. वरचा स्विच १२ व्होल्ट कॉइलला जोडतो आणि क्षणात तोडतो. तो तुटताच खालचा स्विच कॉइलचे ते टोक ग्राउंडला, म्हणजे शून्य व्होल्टच्या वाहिनीला, जोडतो. हे सेकंदाला काही लाख वेळा चालते. वरचा स्विच प्रत्येक आवर्तनातला सुमारे ९ टक्के वेळच चालू राहिला, तर सरासरी व्होल्टेज १२ च्या ९ टक्के, म्हणजे १.१ व्होल्टच्या आसपास येते. कॉइल आपल्यातला प्रवाह एकाएकी वाढू देत नाही आणि एकाएकी थांबूही देत नाही, म्हणून स्विचचे ठोके तुटक असले तरी बाहेर पडणारा प्रवाह सलग असतो. विहिरीवरच्या रहाटगाडग्याचे प्रत्येक गाडगे झपकन रिकामे होते, तरी पन्हळीतून पाणी अखंड वाहते, तसे हे आहे. गाडगी जास्त असली की धार अधिक एकसारखी होते. त्याच कारणाने बोर्डावर स्विच-कॉइलच्या अशा तीन, चार किंवा अधिक जोड्या आळीपाळीने चालवतात आणि त्यांना फेज म्हणतात. प्रत्येक फेजच्या वाट्याला प्रवाह कमी येतो, त्यामुळे स्विच कमी तापतात.

आता कपॅसिटरकडे वळू, कारण जुने बोर्ड मरतात ते बहुधा इथेच. प्रोसेसरची भूक स्थिर नसते. नुसता कर्सर लुकलुकत असताना तो १० अँपिअर घेत असेल, तर व्हिडिओ सुरू करताच, मायक्रोसेकंदाच्या आत, ५० मागू शकतो. कॉइल तेवढ्या झपाट्याने प्रवाह वाढवू शकत नाही. मधल्या काळातली ४० अँपिअरची तूट कपॅसिटरांनी साठवलेल्या विद्युतभारातून भागवायची असते. अगदी पहिला फटका सॉकेटजवळचे छोटे सिरॅमिक कपॅसिटर झेलतात आणि पुढचा भार मोठ्यांवर येतो. ही तूट पाच मायक्रोसेकंद टिकली असे धरू. विद्युतभार म्हणजे प्रवाह गुणिले वेळ, म्हणजे २०० मायक्रोकूलंब. कपॅसिटरांची एकूण धारिता २००० मायक्रोफॅरड असेल तर व्होल्टेज ०.१ ने उतरेल. शिवाय प्रत्येक कपॅसिटरला स्वतःचा अंतर्गत रोध असतो. तो एकत्रितपणे एक सहस्रांश ओहम धरला तर ४० अँपिअरला आणखी ०.०४ व्होल्ट जातात. एवढी घसरण सोसता येते. पण कपॅसिटर म्हातारे होऊन धारिता निम्मी झाली आणि अंतर्गत रोध पाचपट झाला, तर ०.२ आणि ०.२ मिळून ०.४ व्होल्ट गळतात, १.१ ची अपेक्षा असताना प्रोसेसरला क्षणभर ०.७ मिळतात. संगणक रिकामा असताना उत्तम चालतो आणि काम सुरू करताच रीस्टार्ट होतो, या नेहमीच्या तक्रारीमागे व्हायरसइतकाच हा हिशेबही असू शकतो. (हॅसवेलमध्ये इंटेलने व्होल्टेज उतरवणारा शेवटचा नियामक प्रोसेसरच्या आतच नेला आणि बोर्डाकडून फक्त सुमारे १.८ व्होल्ट मागितले. स्कायलेकमध्ये ते पाऊल मागे घेतले. ११५० आणि ११५१ यांच्यातला हा फरक बिंदूंच्या संख्येवरून कळत नाही.)

कपॅसिटर म्हातारे का होतात? जुन्या धाटणीच्या ॲल्युमिनियम कपॅसिटरमध्ये ॲल्युमिनियमच्या दोन पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये विद्युतवाहक द्रावात भिजवलेला कागद अशी गुंडाळी असते. उष्णतेने हा द्राव तळाच्या रबरी बुचातून हळूहळू निसटतो. अशा कपॅसिटरचे आयुष्य उत्पादक १०५ अंश सेल्सिअसला २००० तास असे काहीसे सांगतात आणि तापमान दर १० अंशांनी उतरले की ते ढोबळमानाने दुप्पट होते. कपॅसिटर ७५ अंशांवर राहिला तर १६,००० तास, ६५ अंशांवर राहिला तर ३२,००० तास. दिवसाला दहा तासांप्रमाणे वर्षाचे ३०० दिवस चालणाऱ्या दवाखान्यातल्या संगणकासाठी हा फरक पाच वर्षे आणि साडेदहा वर्षे असा पडतो. मेमध्ये बंद खोली, भिंतीला टेकवलेले कॅबिनेट आणि धुळीने बुजलेला पंखा असला की ते दहा अंश सहज चढतात.

१९९९ ते २००७ च्या सुमारास याहून वाईट प्रकार घडला. त्या काळातल्या अनेक कपॅसिटरांत पाण्याचे प्रमाण जास्त असलेला सदोष द्राव भरला गेला होता आणि त्यात ॲल्युमिनियमला पाण्यापासून वाचवणारी द्रव्ये पुरेशी नव्हती. पाण्याची ॲल्युमिनियमशी अभिक्रिया होऊन हायड्रोजन साठू लागला, कपॅसिटर फुगले आणि माथ्यावरच्या खाचांतून फुटले. जगभरातले बोर्ड त्यात गेले. पुढे चांगल्या बोर्डांवर घन पॉलिमर कपॅसिटर आले. त्यांत सुकण्यासारखा द्रावच नसतो, अंतर्गत रोध कमी असतो आणि तापमान २० अंशांनी उतरले की आयुष्य दहापट होते; म्हणजे तेच २००० तास ६५ अंशांवर दोन लाख तास होतात. दिसायला ते बुटके आणि धातूच्या रंगाचे असतात, प्लास्टिकचे वेष्टन नसते, माथ्यावर खाचा नसतात आणि रंगीत चंद्रकोरीसारखी खूण असते. जुन्या संगणकासाठी बोर्ड निवडताना सॉकेटनंतर मी सर्वांत आधी हेच पाहीन: सॉकेटच्या भोवती सगळे कपॅसिटर पॉलिमरचे आहेत का आणि मॉसफेटवर उष्णता पसरवणारी ॲल्युमिनियमची चकती आहे का. ७७ किंवा ९५ वॅटचा प्रोसेसर असेल तर तीन फेजच्या उघड्या मॉसफेटचा स्वस्त बोर्ड, सॉकेट जुळत असूनही, टाळावा.

जाहिरातींचे मात्र ऐकू नये. ‘लष्करी दर्जाचे’ कपॅसिटर, खोक्यावर ठळक छापलेली फेजची संख्या, रंगीत दिवे, यांतल्या कशावरूनही बोर्डाचे आयुष्य ठरत नाही. फेजची संख्या तर कॉइली मोजून फुगवूनही सांगता येते. तीच गोष्ट श्रद्धेची. दसऱ्याला कॅबिनेटवर झेंडूचे फूल ठेवण्याबद्दल कुणाची तक्रार असू नये, पण हळद-कुंकू पंख्याच्या जाळीवर वाहिले की ते आत ओढले जाऊन बोर्डावर बसते. खाडीकाठच्या आपल्या हवेत अशा भुकटीत आणि धुळीत पावसाळाभर ओल मुरते, तिच्यात क्षार विरघळतात आणि एकमेकींपासून केसाएवढ्या अंतरावर असलेल्या वाहिन्यांमध्ये गळतीची वाट तयार होते. दृष्ट लागू नये म्हणून टांगलेली लिंबू-मिरची निदान कॅबिनेटबाहेर असते.

बाकीच्या कसोट्या थोडक्यात सांगता येतील. बोर्ड कॅबिनेटमध्ये बसला पाहिजे: मायक्रो-एटीएक्स म्हणजे जास्तीत जास्त २४४ गुणिले २४४ मिलिमीटर, पूर्ण एटीएक्स ३०५ गुणिले २४४. नामांकित कंपन्यांच्या तयार डेस्कटॉपमध्ये पुढच्या बटणाची जोडणी आणि एसएमपीएसचा प्लग कधीकधी स्वतःच्या धर्तीचे असतात, तिथे बाजारातला सर्वसाधारण बोर्ड बसत नाही. डीडीआर३ रॅम डीडीआर४ च्या खाचेत जात नाही. २०११ मध्ये बनलेल्या एच६१ चिपसेटच्या (११५५ सॉकेटच्या) बोर्डाचे बायॉस जुनेच राहिले असेल तर २०१२ चा प्रोसेसर सॉकेटमध्ये बसूनही सुरू होत नाही, म्हणून उत्पादकाच्या संकेतस्थळावरची प्रोसेसरांची यादी आणि त्यापुढे लिहिलेली बायॉसची आवृत्ती पाहूनच पैसे द्यावेत. एच६१ वर डिस्क जोडणाऱ्या साटाचा वेग सेकंदाला ३ गिगाबिटच मिळतो. एसएसडी त्यावर चालते, फक्त पूर्ण वेगाने नाही. विंडोज ११ च्या अधिकृत अटींत, थोडे अपवाद वगळता, इंटेलचे आठव्या पिढीपासून पुढचे प्रोसेसरच बसतात, त्यामुळे ११५५ किंवा ११५० चा कितीही चांगला बोर्ड घेतला तरी ती अट पूर्ण होणार नाही. अशा संगणकावर लिनक्स घालणे मला अधिक पटते. संगणकाबरोबर आलेला विंडोजचा परवाना साधारणतः मूळ बोर्डाशीच बांधलेला असतो, हेही खर्चात धरावे.

‘नवा कोरा’ एच६१ किंवा एच८१ बोर्ड आजही दुकानांत मिळतो. इतक्या जुन्या चिपसेटचे असे बोर्ड बहुधा शिल्लक साठ्यातल्या किंवा जुन्या बोर्डांवरून उतरवलेल्या चिप वापरून जुळवलेले असतात. ते वाईटच असतात असे नाही, पण त्यांवरचा व्हीआरएम अनेकदा अगदी काटकसरीचा असतो. आय३ साठी चालेल, मोठ्या प्रोसेसरसाठी मी त्यापेक्षा नामांकित कंपनीचा वापरलेला बोर्ड घेईन. वापरलेला घेताना प्रोसेसर काढून सॉकेटमधल्या टाचण्या टॉर्च तिरका धरून पाहाव्यात, कारण या प्रकारच्या सॉकेटमध्ये टाचण्या बोर्डावर असतात आणि एखादी वाकलेली असली तर रॅमची एखादी खाच मुकी होऊ शकते. बॅटरीभोवती आणि मागच्या जोडण्यांजवळ तांब्याचा हिरवट गंज दिसला तर किंमत कितीही कमी असो, बोर्ड परत करावा. दुकानातच अर्धा तास प्रोसेसरवर पूर्ण भार देऊन चालवायला सांगावे.

आणि बोर्ड बसवण्यापूर्वी एसएमपीएस तपासावा. त्यातही द्रावाचेच कपॅसिटर असतात आणि ते जुन्या बोर्डाइतकेच वापरलेले असतात. भार असताना १२ व्होल्टच्या पिवळ्या तारेवर मल्टिमीटरने ११.४ ते १२.६ व्होल्ट यांच्या बाहेरचे माप आले तर तो डबा आधी बदलावा. माप मर्यादेत असूनही डबा दहा वर्षांपेक्षा जुना असेल, तर मी तरी नव्या बोर्डाबरोबर नवा एसएमपीएस घेईन, कारण मल्टिमीटर सरासरी व्होल्टेज दाखवतो आणि त्यावरचे तरंगांसारखे झटपट चढउतार त्याच्या पडद्यावर दिसत नाहीत.