जुन्या गाडीचा ओरिजिनल पेंट आम्ही हाताने का साफ करतो

गाडी सोडताना बरेच जण सांगतात, "एकदम आरशासारखी करून द्या." पण कंपनीतून आलेला पेंट अजून अंगावर असेल तर जरा थांबा, कारण नवीन पेंट कितीही वेळा मारता येतो, कंपनीचा एकदाच मिळतो आणि आता उरलाय तेवढाच आहे.

हल्लीच्या गाडीवर प्रायमर, रंग आणि वरचा क्लिअर कोट (पारदर्शक थर) मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉन जाडी असते, 1 मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. जुन्या गाड्यांच्या साध्या रंगावर बहुतेक वेळा क्लिअर कोट नसतोच, म्हणजे पॉलिश करताना घासला जातो तो थेट रंग, आणि त्यात आधीच्या मालकांनी वर्षानुवर्षं रबिंग केलेलं असतं ते वेगळंच. आम्ही गेज लावून मोजतो, पण गेज प्रायमर धरून एकूण जाडी दाखवतं, त्यातला रंग किती हे नाही सांगत, म्हणून बोनेटच्या कडा, दारावरची उभी रेघ, हँडलभोवतीची जागा हे सगळं लाइट धरून डोळ्यांनीच बघावं लागतं की प्रायमर कुठे डोकावतोय का. अशा कडेवर पॉलिशिंग मशीन फिरलं तर काही सेकंदांत रंग जातो. हाताला मात्र कळतं कुठे थांबायचं.

धुणं साधंच आहे, पण घाई नको. आधी हलक्या धारेने धूळ भिजवून उतरवायची, प्रेशर वॉशर अजिबात नाही, कारण जिथे पेंट सुटलाय तिथे तो अजून उचलला जातो आणि जुन्या रबरातून पाणी आत शिरून सांध्यांत गंज धरतो. दोन बादल्या, एकीत न्यूट्रल पीएचचा शाम्पू, दुसरीत साधं पाणी, मऊ मिट (धुण्याचा हातमोजा) सरळ रेषेत वरून खाली, गोल गोल नाही, आणि मिट दर वेळी साध्या पाण्यात खंगाळूनच परत शाम्पूत. शेवटी टॉवेल पसरून पाणी टिपायचं, रगडायचं नाही.

लाल गाडी पांढुरकी, खडू लागल्यासारखी दिसत असेल तर तो वरचा मेलेला थर. त्यावर ग्लेझ, म्हणजे रंगाला तेल देणारी क्रीम, जाडसर लावून आम्ही रात्रभर मुरू देतो, सकाळी मऊ कापडाने हलकेच काढतो, तेव्हा पांढरं कापड लालभडक होतं आणि बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. पहिल्यांदा येतो तो बहुतेक मेलेला रंगच, घाबरू नका, पण पुढेही घासत राहिलं की चांगला रंग यायला लागतो, म्हणून खालची चमक दिसली की हात थांबवायचा. मग वॅक्स, बास.

लॅकरला (जुन्या पद्धतीच्या रंगाला) बारीक भेगा असतील तर क्ले (रंगावर चिकटलेली घाण ओढून काढणारी माती) आणि पांढरं पॉलिश दोन्ही टाळतो, पॉलिश भेगेत जाऊन वाळलं की पांढऱ्या रेषा दिसतात आणि त्या निघता निघत नाहीत. खोल ओरखडे तसेच ठेवतो. त्यांच्यासाठी सगळ्या पॅनलचा रंग उतरवणं आम्हाला पटत नाही.

सुरुवातीला तळहाताएवढी जागा करून तुम्हाला दाखवतो, तुम्ही हो म्हणालात तरच पुढे.

घरी एवढंच सांभाळा: सुकी धूळ फडक्याने झटकू नका, ओरखडे सगळ्यात जास्त त्यानेच पडतात. पक्ष्याची घाण दिसली तर ओलं मायक्रोफायबर पाच-दहा मिनिटं वर ठेवा आणि मग अलगद उचला. भांड्यांचा साबण नको, तो वॅक्स काढून टाकतो. आणि गाडी आणाल तेव्हा कुठला पॅनल कधी रीपेंट झालाय हे माहीत असेल तर आठवणीने सांगा, आम्ही मोजायला तिथूनच सुरुवात करतो.