विभक्त : एका शब्दाची वाटणी

मराठीच्या तासाला ‘विभक्ती’ येते, गणिताच्या तासाला ‘विभाज्य’, समाजशास्त्रात ‘विभक्त कुटुंब’ आणि इतिहासात ‘विभक्त मतदारसंघ’. हे चौघे एकाच घरातले, पण तसं कोणत्याच तासाला कोणी सांगत नाही.

घर म्हणजे संस्कृतातला ‘भज्’ धातू. त्याचा जुना अर्थ वाटणे, वाट्याला येणे, वाटेकरी होणे. भाग, भाग्य, भाजक हे सगळे त्यातले. ‘भक्त’ या शब्दाचाही एक अर्थ वाटून दिलेला हिस्सा, पुढे अन्न. प्राकृतातल्या ‘भत्त’वरून आपला ‘भात’ आला तो तिथूनच. देवाचा भक्तही याच धातूचा. ‘वि’ लागला की वाटा सुटा होतो. म्हणून विभक्त असायला आधी काहीतरी एकत्र असावं लागतं. ‘भिन्न’ किंवा ‘निराळा’ या शब्दांना अशा पूर्वेतिहासाची गरज नसते. रामदासांनी दासबोधाच्या चौथ्या दशकात ‘भक्त म्हणिजे विभक्त नव्हे’ असं म्हटलं, ती निव्वळ शब्दांची कसरत नव्हती. धातूच तसा आहे.

व्याकरणात पाणिनीने नामाला लागणाऱ्या आणि क्रियापदाला लागणाऱ्या, दोन्ही प्रत्ययांना विभक्ती म्हटलं. आपल्याकडे दादोबा पांडुरंगांच्या १८३६ च्या व्याकरणापासून विभक्ती शिकवली जाते ती मुख्यतः नामाची. पाणिनीचं एक सूत्र मात्र थेट आपल्या विषयाचं आहे : ‘पञ्चमी विभक्ते’. दोघांत तुलना करून एकाला वेगळं काढलं की ज्याच्यापासून वेगळं काढलं त्याला पंचमी लागते. मराठीतही गावाहून निघतो तो ‘हून’ आणि भावाहून उंच असतो तोही ‘हून’च.

शब्दाचं खरं वजन कळतं ते धर्मशास्त्रात आणि कोर्टात. याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिणाऱ्या विज्ञानेश्वराने विभागाची व्याख्या फार नेमकी केली. सगळ्या मालमत्तेवर अनेकांची मालकी आधीपासून असतेच. ती एकेका हिश्श्यापुरती ठरवून देणं म्हणजे विभाग. वाटणीने हक्क जन्मत नाही, असलेल्या हक्काला फक्त हद्द मिळते. बंगालात चालणाऱ्या जीमूतवाहनाच्या ‘दायभाग’ या ग्रंथात मात्र मुलाचा हक्क जन्माने नव्हे, तर बापाच्या पश्चात येतो, त्यामुळे तिथे बाप असेपर्यंत त्याच्याकडे वाटणी मागण्याचा प्रश्नच उरत नाही. मिताक्षरेत आणखी एक सोय होती : वेगळे झालेले बाप, भाऊ, चुलते पुन्हा मालमत्ता एकत्र करू शकत; अशांना ‘संसृष्टी’ म्हणत. भाऊबंदकीच्या गोष्टी रंगवून सांगताना आपण हा शब्द साफ विसरलो आहोत.

पुढे प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश अमलातल्या शेवटच्या अपील न्यायालयाने, १९१६ साली स्पष्ट केलं की मिताक्षरेचे नियम लागू असलेल्या कुटुंबातल्या सहहिस्सेदाराने वेगळं व्हायचा इरादा निःसंदिग्धपणे कळवला की तो कायद्याने विभक्त झाला. जमिनीचं सरस-निरस वाटप नंतर होईल. चूल एक असूनही माणूस विभक्त असू शकतो, आणि दोन शहरांत दोन चुली असूनही अविभक्त. प्राप्तिकराच्या फॉर्मवरचं ‘हिंदू अविभक्त कुटुंब’ मात्र नुसत्या इराद्याने विभक्त होत नाही, तिथे मालमत्तेचं प्रत्यक्ष वाटप लागतं. मुलींना सहहिस्सेदार म्हणून जन्मसिद्ध जागा महाराष्ट्रात १९९४ च्या आणि देशभर २००५ च्या दुरुस्तीने मिळाली.

समाजशास्त्रातलं ‘विभक्त कुटुंब’ याहून सैल आहे. इंग्रजीत त्याला न्यूक्लिअर म्हणतात, म्हणजे नवरा, बायको, मुलं हा गाभा. अभ्यासक कधी ‘केंद्र कुटुंब’ म्हणतातही. पण रुळला तो ‘विभक्त’, आणि तो शब्द मोठ्या घराकडे मागे वळून पाहतो. इरावती कर्वे यांनी एकत्र कुटुंबाच्या खुणा सांगितल्या त्यांत एक छप्पर, एक चूल, सामाईक मालमत्ता आणि सामाईक पूजा होती. कोर्टाने बाजूला ठेवलेली चूल इथे परत आली.

राजकारणात हा शब्द धारदार झाला. १९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांनी मुसलमानांना विभक्त मतदारसंघ दिले, म्हणजे त्यांचे प्रतिनिधी फक्त त्यांच्याच मतांनी निवडायचे. १६ ऑगस्ट १९३२ च्या ब्रिटिश सरकारच्या जातीय निवाड्याने ते अस्पृश्यांनाही देऊ केले, त्याविरुद्ध गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात उपोषण आरंभलं आणि २४ सप्टेंबरला पुणे करार झाला : मतदारसंघ संयुक्त, प्रांतिक कायदेमंडळांत अस्पृश्यांसाठी १४८ राखीव जागा. विभक्त मतदारसंघांनाच मराठीत ‘स्वतंत्र मतदारसंघ’ही म्हणतात. एका शब्दात तुटणं ऐकू येतं, दुसऱ्यात स्वतःच्या पायावर उभं राहणं. माझ्या मते त्या वादाचा निम्मा भाग या दोन विशेषणांतच आहे.

आता बातम्यांत ‘विभक्त’ होतात ती बहुधा जोडपी, आणि तिथे घटस्फोटाशी गल्लत ठरलेली. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम १० खाली न्यायालयाने विभक्त राहायची मुभा दिली तरी लग्न कायमच राहतं. दुसरं करता येत नाही. दोघांपैकी कोणीही अर्ज केला आणि न्यायालयाला तो रास्त वाटला, तर तो हुकूमनामा रद्दही होऊ शकतो.