स्थगिती (स्टे)

एखाद्या कायद्याचा, सरकारी आदेशाचा किंवा नियमाचा अंमल कोर्टाने निकाल लागेपर्यंत थांबवला की त्याला स्थगिती म्हणतात, बोलताना सगळे स्टेच म्हणतात. स्टे मिळाला म्हणजे केस जिंकली असं बऱ्याच जणांना वाटतं पण तसं नसतं, कायदा पुस्तकात जिवंतच असतो फक्त तो वापरता येत नाही. रद्द करणं हे शेवटच्या निकालाचं काम.

जमीन, बांधकाम, ट्रेडमार्क अशा दिवाणी भांडणात जो मिळतो तो मनाई हुकूम, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३९ खाली. तिथे कोर्ट तीन गोष्टी बघतं: प्रथमदर्शनी केसमध्ये दम आहे का, हुकूम न दिल्यास जास्त त्रास कोणाला, आणि होणारं नुकसान नंतर पैशाने भरून निघेल का. विधिमंडळाने केलेल्या कायद्याला मात्र कोर्ट सहजासहजी स्टे देत नाही, कारण तो घटनेला धरूनच आहे असं आधी गृहीत धरलं जातं.

तरी देतं, आणि त्याचा अर्थ काय होतो ते बैलगाडा शर्यतीवाल्यांना विचारावं. ७ मे २०१४ ला सुप्रीम कोर्टाने जल्लीकट्टूबरोबर (तामिळनाडूतला बैलांना काबूत आणायचा खेळ) शर्यतीही बंद केल्या, जानेवारी २०१६ मध्ये केंद्राने अधिसूचना काढून सूट दिली तर पाच दिवसात तिलाच स्टे. मग २०१७ ला महाराष्ट्राने स्वतःची कायदादुरुस्ती केली, राष्ट्रपतींची संमतीही आली, आणि ऑगस्टमध्ये मुंबई हायकोर्टाने शर्यतींना परवानगी द्यायला मनाई केली, नंतर सरकारने नियम केले तरी ती उठली नाही. म्हणजे कायदा होता, नियम होते, पण यात्रेत घाट (शर्यतीची धावपट्टी) रिकामा. बैलांना चाबूक, शॉक असले प्रकार होत होते हे खरंच आहे आणि याचिका करणाऱ्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, पण ज्याने खिल्लार पोसलाय त्याला निकाल येईपर्यंत वैरण थांबवता येत नाही ना. १६ डिसेंबर २०२१ ला सुप्रीम कोर्टाने अटींवर परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने कायदा वैध ठरवला.

मराठा आरक्षणात उलटं झालं. हायकोर्टाने २०१९ ला टिकवलेला कायदा ९ सप्टेंबर २०२० ला सुप्रीम कोर्टाने थांबवला, निवड होऊन नियुक्तीपत्र न मिळालेली मुलं मधेच अडकली, आणि ५ मे २०२१ ला कायदाच रद्द झाला.

वस्तूंच्या बाबतीत मॅगीचं उदाहरण सगळ्यांना आठवत असेल. जून २०१५ ला अन्नसुरक्षा प्राधिकरणाने बंदी घातली, हायकोर्टाने लगेच स्टे दिला नाही त्यामुळे पाकिटं दुकानातून गेलीच, पण १३ ऑगस्टला कंपनीचं म्हणणं नीट ऐकून न घेता आणि मान्यता नसलेल्या लॅबच्या रिपोर्टवर बंदी घातली म्हणून ती रद्द केली आणि नमुने पुन्हा तपासायला सांगितले.

आपल्याला न ऐकता समोरच्याला स्टे मिळेल अशी भीती असेल तर आधीच कॅव्हिएट (आम्हाला ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका असा कोर्टातला अर्ज) टाकून ठेवतात, ते ९० दिवस चालतं. खटल्यांवरचे स्टे वर्षानुवर्षं पडून राहतात म्हणून २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते सहा महिन्यात आपोआप उठतील असं ठरवलं होतं, पण फेब्रुवारी २०२४ मध्ये पाच न्यायमूर्तींनी ते फिरवलं, त्यामुळे आता स्टे उठवायचा तर अर्ज करून सुनावणीच घ्यावी लागते.