फटीतून पळणारा घोडा

सारंगखेड्याची दत्तजयंतीची यात्रा म्हणजे घोड्यांचा बाजार. तिथून परतलेल्या पोरांना दौडणारा घोडा काढायला सांगा. पुढचे पाय पुढे ताणलेले, मागचे मागे, असाच घोडा बहुतेक जण काढतील. युरोपातले नामवंत चित्रकारही तसाच काढत. १८७८ मध्ये कॅलिफोर्नियात छायाचित्रकार एडवर्ड मायब्रिजने ओळीने कॅमेरे मांडून फोटो घेतले, तेव्हा उलगडा झाला. दौडताना चारही पाय जमिनीवरून सुटतात खरे, पण ते पोटाखाली गोळा झालेले असताना.

हा घोडा घरी पळवता येतो. जाड पुठ्ठ्याची वीतभर रुंद तबकडी कापा. तिचे बारा समान भाग करा, म्हणजे दर ३० अंशांवर एक रेघ. प्रत्येक रेघेवर कडेपासून आत दोन सेंटिमीटर लांब आणि तीनेक मिलिमीटर रुंद फट कापा (ब्लेड मोठ्यांनीच धरायचं). दोन फटींच्या मध्ये एकेक घोडा, पायांची ठेवण दर चित्रात जराशी बदलत न्यायची. मागची बाजू काळी रंगवा. मध्यभागी टाचणी टोचून ती पेन्सिलीच्या खोडरबरात रोवा. चित्रं आरशाकडे करून तबकडी फिरवा आणि मागून, एक डोळा मिटून, फटींतून आरशात बघा. ‘घोडा पयी ऱ्हायना!’ (अहिराणीत, घोडा पळतोय!) अशी आरोळी आलीच पाहिजे. उजेड भरपूर लागतो, आणि आपल्याकडे उन्हाला तोटा नाही.

बेल्जियमच्या जोसेफ प्लाटोने आणि व्हिएन्नाच्या सायमन श्टाम्फरने १८३२ च्या अखेरीस स्वतंत्रपणे अशा तबकड्या बनवल्या.

घोडा पळताना दिसतो तो कशामुळे? डोळ्यांत चित्र क्षणभर रेंगाळतं म्हणून, असं सर्रास सांगतात. मला ते अपुरं वाटतं. तबकडीच्या वरून थेट आरशात बघा: नुसता करडा पट्टा दिसेल. रेंगाळण्यानेच काम भागलं असतं, तर इथेही घोडा पळायला हवा होता. खरी करामत फटीची आहे. ती चित्र निमिषभर दाखवते आणि पुढचं जागेवर येईपर्यंत काळा पुठ्ठा आड धरते. दोन स्थिर झलकांमधली हालचाल मेंदू स्वतः भरतो. मानसशास्त्रज्ञ माक्स वेर्थायमरने १९१२ मध्ये हेच दाखवलं: शेजारच्या दोन रेघा सुमारे ६० सहस्रांश सेकंदाच्या अंतराने दाखवल्या, तर दोन रेघा न दिसता एकच रेघ सरकताना दिसते. फट रुंद केली की घोडा पुसट होतो, अरुंद केली की रेखीव, पण अंधूक. पोरांना दोन्ही करून पाहू द्या.

आता फटी बाराच ठेवून घोडे तेरा काढा. तबकडी फिरते त्याच दिशेने घोडा पळता पळता पुढे सरकेल. अकरा काढले तर पाय पुढे टाकत तो मागे जाईल. पोरं हीच तबकडी पुन्हा पुन्हा फिरवतात.