कॅटमिंट पेरलं तर मांजर फिरकत नाही?

'रोप लावाल तर मांजर लोळेल, बी पेराल तर त्याला पत्ताही लागणार नाही,' ही कॅटमिंट या मांजरांना वेड लावणाऱ्या, पुदिन्याच्या कुळातल्या झाडाबद्दलची बागकामातली जुनी समजूत. खरी गोम पानांत आहे. पान चुरगळलं की नेपेटालॅक्टोनचा, म्हणजे मांजरांना खेचणाऱ्या रसायनाचा, वास सुटतो. रोप लावताना आपल्याच बोटांनी पानं दुखावतात, मग मांजर येणारच. पेरलेल्या झाडाचं एक पान चोळून बघा, तोच प्रकार. शिवाय बागांत सर्रास दिसणारं 'फासेनी' जातीचं कॅटमिंट निर्बीज, पेरणार काय? ते फांदीच्या तुकड्यापासून किंवा जुना गड्डा विभागूनच वाढवतात. नवं रोप मूळ धरेपर्यंत त्यावर जाळीची टोपली पालथी घाला. पहिला बहर ओसरला की निम्म्यावर छाटा, पुन्हा फुलतं. (छाटणीच्या दिवशी मात्र पाहुण्यांची तयारी ठेवा.)